दोन विचारवंत आणि कमळवहिनींची ओटी

कळंब्याला आमच्या घरी दर गुरुवारी चौघींचं वाचन असतं. पण आमचे ‘हे’ आता “काय वाचलंत?” असं विचारत नाहीत. “आज कोण काय म्हणालं?” एवढंच विचारतात. त्यांचा तरी काय दोष? किस्सेच इतके साठलेत.

* * *

वाचन घेतात देशमाने बाई, रिटायर्ड शिक्षिका. यंदा त्यांनी दोन आधुनिक हिंदू विचारवंत शेजारी शेजारी ठेवले. पहिले म्हणतात, सगळ्यांत एकच आत्मा आहे, तो ध्यानात अनुभवा. दुसरे म्हणतात, ध्यान राहू दे, आधी शेजारी जेवलाय का बघा.

किराणा दुकानवाल्या शालननं विचारलं, “म्हंजे माझ्यात आन् सासूत एकच आत्मा?”

“हो.”

“मग मी जेवले की तिचंबी झालं. दोनदा ताट कशाला वाढायचं?”

मी कानांवर हात ठेवले.

* * *

मी सोळा सोमवार करणारी. एकदा हिय्या करून विचारलं, “बाई, माझ्या उपासाबद्दल हे दोघं काय म्हणतील?”

“पहिले म्हणतील, ही सुरुवातीची पायरी. दुसरे म्हणतील, वाचलेला शिधा कुणाला दिलात?”

मी आठवायला लागले. तेवढ्यात शालन म्हणाली, “शिधा कसला वाचतोय? साबुदाणा, शेंगदाणे, तूप. उपासाच्या आदल्या दिवशीच वैनींची पिशवी सगळ्यात जड असतीया.”

* * *

कमळवहिनी वाचनात कधी बोलत नाहीत. मिस्टर गेल्यापासून तर नाहीच. एका गुरुवारी मात्र त्यांनी तोंड उघडलं.

“सुप्रियाचं डोहाळजेवण हाय, सासरी, गडहिंग्लजला. लेकीची ओटी मी भरली तर चालंल का? दोघांतलं कोण व्हय म्हणतंय?”

ओटी सवाष्णींनीच भरायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तासभर न थांबता बोलणाऱ्या बाई चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “तत्त्वतः दोघंही.”

“तत्त्वतः नको,” कमळवहिनी म्हणाल्या, “गडहिंग्लजला.”

* * *

मग काय, आम्ही चौघी एसटीनं निघालो. विहीणबाईंना कसं समजवायचं, याची तालीम बाईंनी गाडीतच घेतली. शालन विहीण झाली.

“आत्मा एकच आहे,” बाई म्हणाल्या. “मग सवाष्ण काय आणि विधवा काय?”

“एकच हाय न्हवं? मग सवाष्णीलाच भरू दे की.”

निपाणी येईपर्यंत बाईंनी तालीम तीनदा पहिल्यापासून घेतली. कमळवहिनी मांडीवरच्या पिशवीतला नारळ धरून खिडकीबाहेर बघत होत्या.

* * *

गडहिंग्लजला पोचताच कमळवहिनी “मी चहाचं बघते” म्हणून सरळ आत गेल्या. सुप्रिया हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून खुर्चीवर बसलेली. गल्लीतल्या पाच सवाष्णी तयार. बाईंनी विहीणबाईंना गाठलं.

“एक विचारायचं होतं. दोन मोठे विचारवंत आहेत...”

“दोघं जेवायला हायत का?” विहीणबाईंनी विचारलं.

बाई खालीच बसल्या. शेवटी मीच चाचरत सांगितलं, की कमळवहिनींना लेकीची ओटी भरायची आहे.

“रीत न्हाय तशी,” विहीणबाई म्हणाल्या. विषय संपला.

पहिली सवाष्ण सुपात तांदूळ घेऊन पुढं झाली. सुप्रियानं पदर गोळा केला आणि दोन्ही मुठींत आवळून धरला.

“आईनं भरल्याबिगर मी पदर सोडणार न्हाय.”

विहीणबाई सुनेकडं बघतायत, सून विहीणबाईंकडं. कुणीच मान खाली घालेना.

मग विहीणबाई त्या पाचजणींकडं वळल्या. “तोवर तुमी च्या घ्या.”

शालननं हाक मारली तशा कमळवहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या. सुप्रियानं पदर पसरला. पहिली ओंजळ अर्धी जमिनीवरच गेली.

“नीट धर की गं,” कमळवहिनी लेकीवर खेकसल्या, “सांडतंय सगळं.”