जावयासमोर आ कसा करायचा?

कॉलेजच्या प्रोजेक्टचे किस्से मला मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर एक फेरी मारली की दोन-तीन आपोआप गाडीत बसून येतात!

प्रोजेक्ट तसा गंभीर. तोंडाचा कॅन्सर शहरात वेळेत सापडतो, पाड्यावर फार उशिरा. म्हणून आमचं नाशिकचं कॉलेज आणि परदेशातली एक युनिव्हर्सिटी मिळून पाड्यावरच्या बायकांना तोंड तपासायला शिकवतात. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडच्या केट मॅडमची सकाळ. पहिल्याच ऑनलाइन मीटिंगला आमच्या सरांनी सवयीनं विचारलं, "जेवलात का?" मॅडमना वाटलं, इकडे मीटिंग अशीच सुरू करतात. आता त्या रोज आधी तेच विचारतात. परवा म्हणे त्यांच्या डीनलाही विचारलं!

*

पहिल्या कॅम्पला गेलो, तर आमचा ड्रायव्हर रामदास त्या पाड्याचा जावई निघाला. पठ्ठ्या आधी बोललाच नाही! गाडी थांबताच पाय धुवायला पाणी, मग कोंबडीचा रस्सा, नागलीची भाकरी. जावयाबरोबर आलेले म्हणून आमचाही तोच थाट. जेवण झाल्यावर आमच्या डॉक्टर मॅडम टॉर्च घेऊन उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. त्या दिवशी तोंडं उघडली ती फक्त आमचीच.

*

रामदासच्या सासूबाई, यमुनाबाई, ट्रेनिंगला सगळ्यांच्या आधी हजर. वर्षानुवर्षं दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्या. त्यांच्याच गालात आतून पांढरा चट्टा आहे, असं लेकीनं हळूच सांगितलं. डॉक्टर मॅडमनी टॉर्च काढला, तसा यमुनाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"पाव्हणं हायेत ना! जावयासमोर आ कसा करायचा?"

रामदासला बाहेर पाठवलं, तर त्यांना वाटे तो खिडकीशी असेल. शेवटी डॉक्टर मॅडम ओरडल्या, "गाडीत बस आणि हॉर्न वाजवत राहा! तू लांब आहेस हे यांना कळू दे!"

हॉर्न ऐकून अख्खा पाडा गोळा झाला. मॅडमनी लगे हात सगळ्यांची तोंडं तपासली. आमचा सगळ्यात यशस्वी कॅम्प तोच!

यमुनाबाईंचा चट्टा मात्र डॉक्टर मॅडमना आवडला नाही. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला त्यांना नाशिकला न्यायचं ठरलं.

*

न्यायला गाडी कुणाची? जावयाचीच! सासूबाई मागच्या सीटवर, म्हणून रामदासनं मर्यादा राखायला आरसा पार वर फिरवला. अख्ख्या घाटात मागचं काही दिसेना. यमुनाबाई पदराआडून म्हणाल्या, "पाव्हणं, हळू चालवा. तपासायला तरी जिती पोचू द्या."

सगळे हसलो. त्यांनी मात्र माझा हात धरला. तो नाशिकपर्यंत सोडला नाही.

*

रिपोर्टच्या दिवशी केट मॅडम व्हिडिओवर होत्या. रामदास दारात उभा, एक गाल तंबाखूनं जरा फुगलेला. डॉक्टर मॅडमनी कागद वाचला. कॅन्सर नव्हता! मिश्री मात्र कायमची बंद. मी तर रडलेच. केट मॅडमना आनंदात दुसरं मराठी सुचेना. त्या स्क्रीनवरून ओरडल्या, "जेवलात का?"

यमुनाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, ट्रेनिंगमध्ये मिळालेला टॉर्च पिशवीतून काढला आणि दाराकडे वळल्या.

"पाव्हणं, आता तुमी आ करा."

रामदासनं ओठ घट्ट मिटले, जोरजोरात मान हलवली, पळत जाऊन गाडीत बसला आणि हॉर्न वाजवायला लागला!