गवतात उभी राहणारी माणसे

मानवी शरीर डोक्यापाशी सुरू होते आणि घोट्यापाशी संपते, असे मानणारा चित्रकार साऱ्या रत्नागिरीत एकच होता, आणि दैवयोगाने तोच आमच्या शाळेत चित्रकला शिकवीत असे. सरांना पाय काढता येत नसत. ही गोष्ट त्यांनी कधी मान्य केली नाही. आपली माणसे तेवढी जन्मभर गवतात उभी केली. त्यांचे मावळे कमरेइतक्या गवतात लढत, त्यांच्या कोळणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मासळी विकत, आणि स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर त्यांनी रंगवलेली राजसभा तर दिवसाढवळ्या दाट धुक्यात भरली होती. सहावीत असताना मी एका शेतकऱ्याला मोठ्या जिद्दीने दोन पाय काढून नेले. सरांनी वही लांब धरून पाहिली, पेन्सिलीने भराभर गवत उगववले आणि म्हणाले, "आता कसा माणूस दिसतो बघ. झाकण्यातच कला असते गो."

चित्रांतल्या पायांशी असे वैर असलेले सर स्वतःच्या पायांना मात्र फार मानत. निवृत्त झाल्यावर त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा "थोडी साखर वाढलीय, माणूस गोड झाला म्हणायचा," एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला आणि अनवाणी फिरण्याचे व्रत घेतले. एप्रिलच्या भर दुपारी ते तापल्या कातळावरून देवळात जात आणि परत आल्यावर सांगत, "चटका म्हणून लागला नाही. ही साधना आहे." एकदा ते घरात चालताना फरशीवर टक् टक् आवाज येऊ लागला. भुताखेतापर्यंत चर्चा गेल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांची टाच उचलून पाहिली, तर तीत ड्रॉइंग पिन रुतलेली. ती कधीपासून होती, हे सरांना सांगता येईना. हा किस्सा ते सिद्धपुरुषाच्या थाटात सर्वांना ऐकवत.

मी त्या सुमारास पुण्याहून जीवरसायनशास्त्राची पदवी, प्रथम श्रेणी आणि एकंदर मानवजातीला सुधारण्याचा निश्चय, अशा तीन वस्तू घेऊन गावी परतले होते. ही साधना नव्हे, पायांतल्या नसा मरत आहेत, हे मला तत्काळ कळले. अशा पायाला जखम झाली तर ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. आणि पाहिली जाते तेव्हा पुष्कळदा पाय कापण्याची वेळ आलेली असते. मी सरांना समोर बसवून, पेशी आणि शर्करेच्या आकृत्या काढून, हे सारे सविस्तर समजावले. शेवटपर्यंत त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आकृतीत छाया अजिबात नाही. शाळेतही तुझं हेच व्हायचं."

तेवढ्यात एका संस्थेने माझ्यावर मधुमेहींसाठी चित्रकथा लिहिण्याचे काम सोपवले. अशा कथेत वाचकाच्या वतीने प्रश्न विचारणारे एक पात्र लागते. वाचकाला जे ठाऊक नसते ते त्यालाही नसते. त्याला समजावले की वाचकाला समजते. हे तत्त्व मी शिरोधार्य मानून 'विनय' नावाचा तरुण निर्माण केला. तो पहिल्याच चौकटीत विचारी, "डॉक्टरसाहेब, परिघीय मज्जातंतूंच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे कोणती?" आणि तिसऱ्या चौकटीत म्हणे, "अरे वा! म्हणजे नियमित तपासणी हाच उपाय!" मला तो फार आवडला होता. चित्रे काढायला अर्थातच मी सरांकडे गेले. त्यांनी संहिता वाचली आणि चष्मा काढला.

"विदुषी, हा रोगी आहे की परीक्षक?"

"सर, तो वाचकाचा प्रतिनिधी आहे."

"मग वाचकाने ह्याला निवडणुकीत पाडला असता. अगो, माणूस डॉक्टरकडे कळून घ्यायला जात नाही. काही झालेलं नाही, असं ऐकायला जातो."

असे म्हणून त्यांनी विनयचा तिथल्या तिथे वध केला आणि त्याच्या जागी सदा आणला. सदा साठीचा, टोपीवाला, कुरकुऱ्या, आणि मिशी वगळता हुबेहूब सरांसारखा होता. पहिल्याच रेखाटनात ते साम्य माझ्या ध्यानात आले, आणि मी स्वतःच्या धूर्तपणावर बेहद्द खूश झाले. जे सरांना थेट पटत नाही ते सदाकरवी त्यांच्या गळी उतरवायचे, अशी माझी योजना होती. दोन पानांत सदाला दवाखान्यात नेले की सर आपोआप त्याच्या मागून जातील, असा माझा हिशेब.

परंतु सदा जागचा हलेना. रोज दुपारी मी सरांच्या पडवीत बसून वाटाघाटी करी.

"सर, आज सदा डॉक्टरकडे जाईल?"

"आज? आज अमावास्या."

"निदान आंबा तरी सोडेल?"

"मे महिन्यात? तुझा सदा कोकणातला की लंडनचा?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "सदाला म्हणावं, पायांत चपला घाल. मी कधीची सांगत्ये."

"सदाची बायको फार बोलते," सर म्हणत. "पुढच्या पानावर तिला माहेरी पाठवू या."

सदाने कारल्याचा रस प्यायला, मेथ्या भिजवल्या, मेहुण्याने सुचवलेला पाला चघळला. पाने वाढत गेली. ह्या चित्रकथेत रोग नेमका कधी सुरू होतो, अशी संस्थेने नम्र विचारणा केली. आणि ह्या सबंध काळात सदा प्रत्येक चौकटीत गवतात, माजघरातसुद्धा भाताच्या पेंढ्यात, उभा होता.

अखेर ते पान आले, ज्याच्यासाठी सारा खटाटोप होता: सदा खाटेवर बसून आरशात स्वतःचा तळपाय पाहतो. मधुमेही माणसाने रोज हेच करायचे असते. सरांनी संहितेकडे पाहिले.

"पुढे मांजर बसवू?"

"सर, पाय."

"आरशावर वाफ धरलीय असं दाखवलं तर?"

"सर, तुम्हाला काढता येत नसेल, तर मी दुसऱ्या कोणाकडून काढून घेते."

सरांनी उठून दाढीचा आरसा खुंटीवरून काढला आणि मला म्हणाले, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुढे केला. तो पाय होता. भेगाळलेली टाच, वाकडी करंगळी, सारे काही असलेला, जिवंत पाय. अंगठ्याखाली एक काळपट, खोल खड्डा होता. मी संपादकाच्या तडफेने म्हणाले, "सर, अप्रतिम. फक्त मी जखम टाचेवर लिहिली होती. ही अंगठ्याखाली आलीय. तेवढी दुरुस्त करून द्याल?"

सर खिडकीबाहेर पाहत होते. "केली असती," ते म्हणाले, "पण माझी तिथंच आहे."

मला हे समजायला जो वेळ लागला, तो माझ्या प्रथम श्रेणीला शोभणारा नव्हता. काकूंनी हातातला चहा खाली ठेवला. मग सर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सदा विचारतोय, दुखत नाही म्हणजे बरंच असेल ना?"

त्या पुस्तिकेतला तो पहिला खरा प्रश्न. त्याचे उत्तर मला आकृत्यांसह पाठ होते. तोंडून मात्र एवढेच निघाले, "सर, मी रिक्षा आणते."

अंगठा गेला, पाय वाचला. रुग्णालयात सरांनी डॉक्टरांना भंडावून सोडले. "थांबा, हे सदाला कळलं नाही. पुन्हा सांगा." डॉक्टर इकडेतिकडे सदाला शोधत. मी शेजारी बसून त्यांची उत्तरे उतरवून घेत होते. माझी मूळ संहिता ह्याच्यापुढे टिकली नाही, हे सांगायला नकोच. शेवटचे चित्र सरांनी खाटेवरच पूर्ण केले. त्यात सदा उंबऱ्याशी चपला घालायला निघाला होता, आणि प्रथमच त्याच्या पायांखाली नुसती जमीन होती.

छापखान्यातून फोन आला. "मॅडम, एक चूक राहिलीय. डाव्या पायाला चारच बोटं आहेत."

"चूक नाही," मी म्हणाले. "छापा."

सर जाऊन आता काही वर्षे झाली. मध्यंतरी कामानिमित्त संगमेश्वरला एका दवाखान्यात बसले होते. तिथे खिळ्याला सुतळीने बांधलेली ती पुस्तिका दिसली, कडा मळलेल्या, मुखपृष्ठ गळालेले. बाकावरचे एक गृहस्थ ती वाचत होते. वाचता वाचता ते दोनदा स्वतःशीच हसले. मग त्यांनी ती मिटली, कोणी पाहत नाही ना ते पाहिले, आणि हळूच चप्पल काढून तळपाय वर वळवला. माझ्या जिभेवर चार सूचना आल्या होत्या. त्या गिळून मी खिडकीबाहेर पाहत बसले. अशा वेळी माणसाला थोडे गवत द्यावे, हे मी सरांकडेच शिकले होते.