गाडी बाजूला घेजो

फोन वाजला की काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “गाडी बाजूला घेजो. आता सांग, तुले काय दिसून राह्यलं?” पलीकडे पुण्यात वाट चुकलेला एखादा ड्रायव्हर असे.

वर्ध्याच्या ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिलं करतो, तिथे त्या माझ्यासमोर बसत. आमचे ट्रक गुरांसाठी सरकीची ढेप घेऊन पुण्याला जातात. ट्रक शहरात शिरला की मोबाइलच्या नकाशावर त्याचा ठिपका पाहत राहायचं आणि तो अडला तर वाट सांगायची, हे काकूंचं काम. स्वतः त्या नागपूरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेचं घर आणि हे ऑफिस, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास.

ॲपमध्ये रस्ता सांगणाऱ्या बाईशी त्यांचं कधी जमलं नाही. “तिले काय, ती स्कूटीवर बसून सांगते. मागं ट्रक हाय हे तिच्या गावीच नाई,” असं त्या म्हणत. काकूही चुकत. एकदा सारख्या नावामुळे त्यांनी ट्रक गोदामाऐवजी मंगल कार्यालयात पाठवला. तासाभराने ड्रायव्हरचा फोन आला, “काकू, जेवण झालं. आता कुठं जाऊ?”

पण मला आठवते ती एक दुपार. आमचा मंगेश, रोहणा गावचा, नुकताच कामाला लागला होता. पुण्यात मोठा रस्ता खोदलेला होता म्हणून ॲपने त्याला जुन्या वस्तीतल्या एका बोळात वळवलं. पुढे वाटेवर आलेली घराची गॅलरी, दोन्ही बाजूंना उभ्या स्कूटरी, मागे गाड्यांची रांग. लोक जमले. कोणीतरी केबिनचं दार उघडून त्याची कॉलर धरली.

“काकू, हे लोक मारून राह्यले मले!” तो फोनवर रडत होता. स्पीकरवर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

काकू उभ्याच राहिल्या. “काही करू नको. तिथं कोणी असं दिसते का, जे ओरडून नाई राह्यलं?”

“एक आजी हाय. ओट्यावर मटार सोलते.”

“तिच्या हाती फोन देजो.”

खडखड झाली. मग एक म्हातारा, करडा आवाज आला. काकूंनी एकदम पुस्तकातली भाषा काढली. “आजी, मी वर्ध्याहून बोलते. तो मुलगा माझा आहे. वाट चुकलाय. त्याला सांभाळा हो.”

लगेच आजींचा आवाज कडाडला, “अरे सोडा त्याला! त्याची आई रडतीये तिकडे! स्कूटर कोणाची ही? उचल आधी!”

काकूंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. बोळातल्याच माणसांनी स्कूटरी उचलून बाजूला केल्या, मागच्या गाड्या मागे घेतल्या आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत ट्रक बाहेर काढला.

ठिपका मोठ्या रस्त्याला लागल्यावर काकू खाली बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

“काकू, तुम्हाला तर एकच मुलगी,” मी म्हणालो.

“मंग काय सांगू? आमचा ड्रायवर हाय म्हटलं असतं, तर कोणी जागचं उठलं असतं का?”

पुढे मालकांनी ट्रकसाठीचं वेगळं ॲप घेतलं. ट्रकची उंची-रुंदी भरली की ते अरुंद बोळ टाळतं. काकूंनीच ते एकेका ड्रायव्हरला शिकवलं. हळूहळू फोन येणं थांबलं. “चांगलं झालं. पोरांचा ताप गेला,” असं त्या म्हणत. आणि मधूनच आपल्या फोनचा आवाज बंद तर नाही ना, ते पाहत.

मग गुडघे बोलू लागले आणि लेकीकडे अमरावतीला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मंगेश धुतलेला, रिकामा ट्रक घेऊन दारात उभा. “काकू, इतकी वर्षं ट्रकले वाट दाखवली, बसल्या कधीच नाई. चला, केळझरच्या गणपतीले जाऊन येऊ.”

“येडा झाला का रे?” म्हणत त्यांनी पर्स खांद्याला लावली.

आम्ही खाली स्टूल ठेवलं. दोघांनी हात दिला, तेव्हा त्या केबिनमध्ये चढल्या. ट्रक फाटकाबाहेर पडला. त्या एवढ्या उंचावर, पदर घट्ट आवळून, समोर पाहत बसल्या होत्या. आम्ही सगळे हात हलवत होतो. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.