हैबतीच्या रायफलीचे आटे

आमचा हैबती, माझा धाकटा दीर, पलटणीत नुसता नाईक होता. पण मी त्याला सुभेदारच म्हणायचे; चिडला की कान लाल व्हायचे त्याचे, ते बघायला. बसऱ्याच्या लढाईवरून एकोणीसशे वीस साली उमरठला आला, तवापासून सगळ्या वाडीचं भात त्याच्या परवान्याच्या रायफलीवर. डुकरं शेतात शिरली की गडी हाकारा घालायचे, आणि हैबती एका गोळीत डुक्कर आडवं करायचा. दुसरी कधी लागली नाय.

मला सांगायचा, "वैनी, नळीत आतून पिळाचे आटे हायत. गोळी त्यातून गरगरत निघते, म्हणून भोवऱ्यासारखी नीट जाते. पीळ नाय मिळाला तर लवंडते, कुठंपण जाते."

"तुझ्यासारखी," मी म्हणायचे.

एका पावसाळ्यात माझा नवरा मुंबईला आजारी पडला, म्हणून हैबती तिकडं गेला. जाताना रायफल माझ्यापाशी दिली. "तेलाचं फडकं फिरव, बस." फिरवलं, तर काळं निघालं. मला काळं भांडं बघवत नाय. लोखंडी सळईला काथ्या गुंडाळला, विटेची पूड घेतली आणि नळीच्या तोंडातून दोन महिने रोज घासली. हैबतीनं आल्यावर नळीतून बघितलं, आत लख्ख चकाकत होतं. "वैनी, तू पलटणीत हवी होतीस." मी फुगले.

दसरा झाल्यावर हाकारा घातला. डुक्कर ओहळापलीकडं निघालं, हैबतीनं बार काढला, आणि गोळी गेली बाजूच्या झाडावर टेहळायला बसलेल्या आमच्या वाडीतल्या सोनबाच्या गुडघ्यात.

सोनबा जगला, पाय आखडला. लोक म्हणाले, हैबतीचा नेम गेला. तोपण तेच म्हणत होता. ताटावर बसायचा आणि उठायचा. चौथ्या दिवशी त्यानं फळी उभी करून एक गोळी मारली. भोक गोल नाय, लांबट, खारकेच्या बीसारखं. गोळी आडवी लागली होती. त्यानं नळीच्या तोंडाशी आत नख फिरवलं. आटे नखाला लागलेच नायत.

"वैनी, कशानं घासलीस?"

सांगितलं. "आता सगळ्या वाडीला सांगते," मी म्हणलं.

"काय नको. आधी फळीवर मारून बघायचं, हे मला पलटणीत शिकवलेलं. मी चकाकीला भुललो. चूक माझी." दुसऱ्या दिवशी महाडच्या कचेरीत रायफल जमा करून आला.

मी ऐकते कसली. सोनबाच्या घरी गेले, सगळं ओकले.

"म्हणजे आता शिव्या कुणाला घालू?" सोनबा म्हणाला. "हैबतीच्या नावाची सवय झाली हाय."

"मला घाला."

घातल्या नायत. घातल्या असत्या तर जरा हलकं वाटलं असतं.

पुढं वाडी म्हणायला लागली, नेम शाबूत होता, नळी बिघडली होती. तरी हैबती दरसाल सोनबाचा नांगर धरायला जायचा, आणि मागून लावणीला मी. सोनबाची बायको प्रयागबाई बांधावरून म्हणायची, "एका गोळीत दोन गडी मिळाले गो आमच्या ह्यांना."

मी कुणाला उत्तर दिल्यावाचून सोडत नाय. तिचं ऐकलं की वाकून पुढचं रोप लावायचे.