चार सेकंदांवर अकरा पानं

एम.ए.चा थिसिस कुणी वाचत नाही, या भरवशावर मी तो लिहिला. तो भरवसाच मला नडला.

विषय आधी वेगळा होता. डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाले आणि खाणकामगार कुठले सिनेमे बघायचे, कसे बघायचे, यावर मला लिहायचं होतं. वडील खाणीवर होते, घरबसल्या माहिती मिळाली असती. गाइडनी सिनॉप्सिसचं पहिलं पान वाचलं आणि "यात थिअरी कुठाय?" म्हणून परत दिलं. दुसऱ्या खेपेला मी थिअरीच थिअरी घातली, तर म्हणाले, "यात माणूस कुठाय?" तिसऱ्या खेपेला रडकुंडीला येऊन मी ‘हिंदी सिनेमातला गोवेकर’ हा विषय घेतला. तो गोवेकर सकाळपासून झिंगलेला असतो आणि त्याची बायको फ्रॉक घालून मासे विकते. आमच्या पेडण्या-डिचोलीतलं माणूस त्यात औषधालासुद्धा सापडत नाही. अशा वेळी मला मावशी आठवली.

मावशी पेडण्याजवळच्या एका गावात राहते. खूप वर्षांपूर्वी तिथल्या किनाऱ्यावर शूटिंग आलं होतं. गर्दीत उभं राहायला गावातल्या बायका टेंपोत घालून नेल्या, त्यात ती होती. सिनेमात ती चार सेकंद दिसते, हिरोच्या खांद्यामागे, फ्रॉक घालून, पुढ्यात माशांची टोपली. ते चार सेकंद मी लॅपटॉपवर पुढे-मागे करून इतके पाहिले की तिच्या पापण्यांची उघडझाप मला पाठ झाली.

मुलाखत तिच्या ओसरीवर घेतली. आधी संमतीपत्रावर सही. ते इंग्रजीत होतं. तिनं न वाचता खाली मराठीत सही ठोकली. हिरोइन किती गोरी होती, जेवणाला पुऱ्या होत्या, सगळं हौसेनं सांगून झालं. मग तिचा आवाज खाली गेला. फ्रॉक घातलेल्या बाईला कुंकू चालत नाही म्हणून मेकअपवाल्यानं ओल्या कापसानं तिचं कपाळ साफ केलं होतं. शूटिंगला जायचं नाही असं काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बजावलेलं. ती त्यांच्या नकळत गेली होती. परतताना टेंपोच्या आरशात बघून तिनं पुन्हा कुंकू, तिच्या भाषेत पिंजर, लावलं आणि घरात शिरली. त्यानंतर महिना उलटायच्या आत काका काजूच्या बागेत पडले, ते उठलेच नाहीत.

"त्येना माजी पिंजर पुसल्यान आणि मी गप रवलंय," मावशी म्हणाली. "ह्यां लिवं नको हां बाय. माज्या झिलाक कळाक नको."

"नाही लिहिणार. तुझ्या मुलाला नाही कळणार," मी म्हटलं. रेकॉर्डर चालूच होता.

गाइडनी मुलाखत वाचली आणि खुर्चीत ताठ बसले. "अगं, हाच तुझा थिसिस!"

"ती नको म्हणालीय, सर."

"संमतीपत्र आहे ना? नाव काढून टाक, झालं."

मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षभरात मला कुणी ‘हाच’ म्हणालं नव्हतं. तिसरं प्रकरण मी झपाटल्यासारखी लिहीत सुटले. चार सेकंदांवर अकरा पानं. मावशीचं नाव नव्हतं. ‘पेडणे तालुक्यातील एक गृहिणी’ एवढंच होतं. तिच्या कपाळावर मी इंग्रजीतले भारी भारी शब्द चिकटवले. आणि सगळं संपल्यावर, रीत म्हणून, पहिल्याच पानावर लिहिलं की जिच्या आठवणींवर तिसरं प्रकरण उभं आहे त्या माझ्या मावशीचे आभार. दोन वर्षं सिनेमातली लपवाछपवी शोधत होते आणि स्वतःचा हा गाढवपणा मला दिसला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं फरफर उलटली, संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त केले आणि चांगली श्रेणी देऊन चहाला गेले. टेबलावरच्या गाइडच्या प्रतीतली शेवटची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती; त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलंच नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

बांधून आणलेली एक प्रत मी मावशीला दिली. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून बिनधास्त दिली. तिनं ती देवासमोर ठेवली आणि वर जास्वंदीचं फूल घातलं.

तिचा मुलगा मोप्याच्या विमानतळावर नोकरीला आहे. बहिणीचं पुस्तक म्हणून तो ते कौतुकानं ड्युटीवर घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं वाचत राहिला. माझा थिसिस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला जगात तो एकटाच. काही आठवड्यांनी त्यानं प्रत आणून आईपुढे ठेवली आणि एकच विचारलं, "बाबांनी नको म्हटलेलां मां?"

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो. हे मला माझ्या आईकडून कळलं, तशी मी पेडण्याला धावले. बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होते. ती वाक्यंही मेली थिसिससारखीच जडजड निघाली.

मावशी तांदूळ निवडत होती. उठून तिनं चहा केला, सोबत सकाळचा उंडा पाव दिला. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. मी रडत माफी मागायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं. थिसिस आता देवासमोर नव्हता, फ्रिजवर होता. तिनं तो आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"येवढी शिकलंस मां तू. त्यातलां माजां काय ता आता काडूक येवचां नाय?"

मी सांगितलं, एक प्रत लायब्ररीत आहे, एक गाइडकडे, आणि विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरसुद्धा चढवलाय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पास झालंस मां पण?"

"हो."

"बरां झालां," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढून, वर न बघता, तांदूळ निवडायला लागली.