डोनेगलचं धुकं

स्वतः वाटलेलं पत्रक फिरून आपल्याच खुर्चीवर येऊन बसलं, तर तुम्ही काय कराल?

लहानपणी अब्बांचं बोट धरून मी रत्नागिरीकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटायचो. ‘नोकऱ्या आधी स्थानिकांना!’ अशी आरोळीही ठोकायचो. पुढे रियाधच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरवर बसलो आणि सरकारी हुकूम आला की काउंटरवर सौदीच हवा. मागणी तीच, फक्त अरबीत. विरोध करायला तोंड कुठे होतं? माझ्या जागी फैसल आला आणि त्याला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. माणूस इतका नम्र की मनसोक्त राग धरायचीही सोय नव्हती.

आमचे मॅनेजर इक्बालभाई महाडचे. म्हणाले, “मागच्या खोलीत सहली आखणाऱ्याचं टेबल रिकामं आहे. आयर्लंडच्या डोनेगल जिल्ह्याची सहल कुणी घेत नाही; तिथे एक तरी कुटुंब पाठवून दाखव, टेबल तुझं. नाहीतर खलास, महिनाअखेर घरी.” धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण माझ्या पगारावर चाललं होतं. मी वाचायला बसलो.

वाचता वाचता त्या जिल्ह्यात अडकलो. अटलांटिकवर सरळ कोसळणारे कडे, घरच्या मागावर लोकर विणणारी माणसं, जुनी भाषा अजून चुलीपाशी बोलणारी गावं. दुष्काळात लोक बोटींनी परदेशी गेले, त्यांची बिनछपराची दगडी घरं अजून उभी आहेत. आमच्या खाडीकाठची कुलूपबंद घरं आठवली. एका तळ्यातल्या बेटावर यात्रेकरू तीन दिवस अनवाणी राहतात, सुका पाव आणि कोरा चहा एवढ्यावर. एका पवित्र विहिरीशी झुडपांना नवसाच्या चिंध्या बांधतात. तिथे मात्र माझ्यातला पत्रकवाला खवळला: मागायचं ते अल्लाहकडे, झुडपाकडे काय?

त्यापेक्षा खवळलो इक्बालभाईंच्या जाहिरातीवर. तिच्यात लिहिलं होतं, ‘उन्हाळाभर लख्ख ऊन!’

“भाई, हे खोटं आहे. तिथे उन्हाळाभर पाऊस असतो.”

“मेल्या, हे काय तुझ्या अब्बांचं पत्रक आहे? गुपचूप विक!”

त्याच दुपारी अबू नासिर नावाचे वयस्कर गृहस्थ आले. बसतात न बसतात तोच असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली. शटर खाली ओढून आम्ही सगळे शेजारच्या मशिदीत गेलो, आणि ते नेमके माझ्याच रांगेत, खांद्याला खांदा लावून. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवून, मी मागितलं, ‘या अल्लाह, नोकरी वाचव, नाहीतर निदान खोटं बोलायची अक्कल तरी दे.’ मग वाटलं, मागणंही मीच मागायचं आणि वाटही मीच दाखवायची, हे काय? म्हटलं, तू ठरव.

परत आल्यावर त्यांनी डोनेगलच्या जाहिरातीवर बोट ठेवून विचारलं, “तिथे ऊन कसं असतं?”

“नसतं,” मी म्हणालो. इक्बालभाईंनी डोळे मिटले. “दिवसातून चारदा पाऊस येतो. कडे सुंदर आहेत, पण धुक्यात दिसतील याची खात्री नाही. आणि विहिरीवर चिंध्या बांधतात, ते मला पटत नाही.”

“धुकं? ऑगस्टमध्ये?”

“ऑगस्टमध्येच.”

अबू नासिरनी खिशातून फोन काढून बायकोला लावला. “उम्म नासिर! पाऊस! रोज! स्वेटर काढ!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाहेर भट्टी पेटलीय आणि जो तो मला ऊन विकतोय. आम्ही तिघे भाऊ बायकामुलांसकट जाणार. आखणी याच माणसाने करायची.”

फैसल हळूच म्हणाला, “काउंटर मी बघतो. पावसाचं तू बघ.”

इक्बालभाईंनी मागच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. आम्हा कोकणातल्या माणसांना पाहुण्यांपासून पाऊस लपवायचीच सवय. इथे लोक त्याच्यासाठी समुद्र ओलांडतात, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये कड्यावरून फोन आला. वाऱ्याच्या आवाजात अबू नासिर ओरडत होते, “काही म्हणजे काही दिसत नाहीये! अल्हमदुलिल्लाह!”

मीही अल्लाहचे तेच आभार मानले. मला तरी पुढचं कुठे दिसत होतं?

तुमची खुर्ची कुणाला मिळाली असेल, तर आज त्याच्यासाठी एक दुआ मागा. आणि त्याला फोन करून विचारा, काम जमतंय ना?