राजकन्येची मिशी

जानेफळच्या कडूबाचं नाव तेवढं कडू. गळा असा गोड, की तो मोटेवर गायला लागला की शेजारच्या वावरातल्या बाया खुरपी टाकून ऐकत बसत.

त्या काळी गावात नाटक म्हणजे एकट्या सूत्रधाराचा खेळ. सगळ्यांची गाणी त्यानेच म्हणायची आणि राजा-राणीने मागे नुसते हातवारे करायचे. एकदा कापसाची गाडी घेऊन कडूबा खामगावला गेला आणि तिथे उतरलेल्या कंपनीचं संगीत नाटक पाहून आला. त्यात नायिका आपलं दुःख आपणच गात होती, आणि नायिका होता पुरुष! कडूबाला वेडच लागलं. गावात येताच त्याने बद्रुद्दीन रंगाऱ्याला गाठलं. बद्रुद्दीनकडे पेटी होती आणि डोक्यात ठुमऱ्यांच्या चाली भरल्या होत्या. दोघांनी मिळून नाटक बसवलं. राजकन्या अर्थातच कडूबा.

घोडं अडलं मिशीवर. आपल्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर, आणि कडूबाचा बाप पुंजाजी तर चांगला धडधाकट होता. "मी जित्ता हाय ना बे? मंग मिशी कोनाच्या नावानं काढतं?" त्याने विचारलं. बापाचा शब्द मोडवेना आणि राजकन्या सोडवेना. शेवटी कडूबाने पदराने तोंड झाकून गायचं ठरवलं.

दिवेलागणीला पडदा उघडला. पहिलंच पद विरहाचं, पण लुगड्यातून सूर बाहेर पडेना. लोक हसायला लागले. कोणी तर बैलाच्या मुसक्याची आठवण काढली. कडूबाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेवढ्यात पुंजाजी उठला आणि गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"गळा झाकून काऊन गाऊन राह्यला बे?" तो म्हणाला. "जाय, काढ ते मिशी. मी इथं समोर बसतो. बाप जित्ता हाय, हे साऱ्या गावाले दिसू दे."

न्हावी प्रेक्षकांतच होता. पडद्यामागे वस्तरा फिरला, आणि मग कडूबा असा गायला की लोकांनी 'वन्स मोअर'ने मांडव डोक्यावर घेतला.

तेव्हापासून दरवर्षी पुंजाजी नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत, गॅसबत्तीच्या उजेडात बसे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तो आपला लोकांना दिसायला बसे, आणि त्यातच खूश असे. पुढे बोलपट आले, मोठमोठ्या नाटक कंपन्या बुडाल्या, पण जानेफळची राजकन्या गातच राहिली.

म्हातारा गेला तेव्हा नाटकाचेच दिवस होते. न्हाव्याने कडूबाचं डोकं केलं, आणि वस्तरा ओठावर येऊन थांबला. तिथे काढायला काही नव्हतं.

"राहू दे," कडूबा म्हणाला. "ते तं बानं जित्तेपणीच नेली."